बोरीवरची पचनसंस्था

आमच्या मुलीचं डोकं ठिकाणावर नसतं, असं तिच्या वर्गशिक्षिकेने पालकसभेत सगळ्यांदेखत सांगितलं. पाढे म्हणता म्हणता ती खिडकीबाहेरच्या शेळीकडे बघत बसते म्हणे. मला भयंकर राग आला. शेळी बघण्यासारखी असेल तर पोर बघणारच. पण शेजारी आमचे हे गंभीरपणे मान डोलवत होते, तेव्हाच मी ओळखलं की आता घरी गेल्यावर काहीतरी निघणार.

आणि निघालंच. पाचवी संपेपर्यंत सुधारली तर ठीक, नाहीतर सहावीला तिला संगमनेरकडच्या वसतिगृहात टाकायचं, तिथे शिस्त लावतात, असं ह्यांनी जेवता जेवता जाहीर केलं. एकुलती एक पोर. ती घरातून गेली तर मी संध्याकाळी कुणावर ओरडू, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. मी ठरवून टाकलं, हिचं डोकं ठिकाणावर आणायचंच आणि हिला इथेच ठेवायचं.

आळेफाट्याला एका हॉटेलच्या माडीवर मेंदूविकासाचा वर्ग चालतो. शिकवणारे सर तरुण, टाय लावलेले. खालून मिसळीचा वास वर येतो, बाहेर ट्रकवाले हॉर्न दाबून धरतात आणि सर मुलांना डोळे मिटून एकाग्र व्हायला सांगतात. पालकांनाही त्यांनी सूचना दिल्या. रात्री लवकर झोपवा, सकाळी भिजवलेले बदाम द्या, पाणी भरपूर पाजा, जेवताना मोबाईल बंद, आणि मेंदूची दुसरी बाजू जागी व्हावी म्हणून दात डाव्या हाताने घासा. हे सगळं अख्ख्या घराने केलं तर मुलं आपोआप करतात, असंही म्हणाले.

अख्ख्या घराने केलं. ह्यांना जेवताना मोबाईलवर कांद्याचा बाजार बघायची सवय. ती मोडली तेव्हा आठवडाभर ते जेवले कमी आणि उसासत राहिले जास्त. सासरे मात्र पहिल्या दिवसापासून खूश. त्यांची कवळी आहे, तरी ती ते डाव्या हाताने घासायला लागले. मुलीच्या वाटीतले बदाम कमी व्हायला लागले, त्याचा तपास मी केला नाही.

पण खरी गंमत पुढे झाली. सरांनी पाठांतराची एक युक्ती शिकवली. रोजची पायाखालची वाट डोळ्यांसमोर आणायची आणि जे लक्षात ठेवायचं ते वाटेवरच्या एकेका ठिकाणी मनाने ठेवून द्यायचं. मग मनातल्या मनात त्या वाटेने चालत गेलं की एकेक वस्तू सापडत जाते. बाकीच्या मुलांनी बसस्टँडची, बाजारपेठेची वाट घेतली. आमच्या मुलीने शाळेची आडवाट घेतली. म्हणजे आमचं रान आणि चुलत सासऱ्यांचं रान यांच्यामधला बांध.

बिबट्याच्या भीतीने आमच्याकडे पोरांना उसाच्या कडेने एकटं सोडत नाहीत, म्हणून सासरे रोज तिच्याबरोबर जायचे. ती विहिरीच्या कठड्यावर श्वसनसंस्था ठेवायची, चुना लावलेल्या हद्दीच्या दगडाखाली महाराष्ट्रातल्या नद्या, आणि सासरे मोठ्या कौतुकाने विचारायचे की भीमा नीट बसली का. त्यांनाही नाद लागला. तेही डोळे मिटून मनाने बांधावर फिरायला लागले. आणि एका सकाळी चहा घेता घेता त्यांना आठवलं, की बांधावरचं बोरीचं झाड पूर्वी पूर्णपणे आपल्या हद्दीत होतं.

बोरीचं ते भांडण माझ्या लग्नाआधीच पंचांनी बसून मिटवलं होतं. दोघं भाऊ एकमेकांच्या घरी जेवत होते. सरांच्या युक्तीने ते सगळं पुन्हा ताजं झालं. सासरे तडक गेले आणि चुलत सासऱ्यांना त्यांच्याच ओट्यावर ऐकवून आले. चुलत सासऱ्यांचं म्हणणं, ह्या वयात ह्याला अचानक आठवतंय कसं, ह्याला कुणी भरवलं? बदाम मीच भरवले होते, म्हणून मी गप्प राहिले. शेवटी चुलत सासऱ्यांनी ठरवलं की बोरच नको, म्हणजे कटकट नको, आणि रविवारी जेसीबी बोलावला.

जेसीबी बांधावर आला तेव्हा सगळे तिथे जमलो होतो. दोघं म्हातारे दोन बाजूंना तोंडं फिरवून उभे. हे मध्यस्थी करायच्या बेतात, पण कुणाची बाजू घ्यावी ते न कळल्याने मोबाईल बघत होते. ड्रायव्हरने खोरं वर उचललं आणि आमची मुलगी पळत जाऊन बोरीला पाठ लावून उभी राहिली.

"आज्याबात हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "हिच्यावर माझी पचनसंस्था हाय."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खाली वाकून शांतपणे विचारलं, "कुणाची?"

मग तिने सगळ्यांना दाखवली. खालच्या ढोलीत तोंड, बुंध्याला अन्ननलिका, दोन फांद्या फुटतात तिथे जठर. लहान आतडं चुलत आजोबांच्या बाजूच्या फांद्यांत, मोठं आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, बाजूला. पाचकरस कुठे मिसळतो, तेही काटे चुकवत बोट लावून सांगितलं. एकदाही अडखळली नाही. हा धडा तिला शाळेत धड दोन ओळी सांगता आला नव्हता. माझा ऊर भरून आला आणि मी पदर तोंडाला लावला, कारण हसूही येत होतं.

चुलत सासऱ्यांनी मान वर करून आपल्या बाजूच्या फांद्या बघितल्या. मग सासऱ्यांकडे न बघताच म्हणाले, "दादा, परीक्षा हुईपतुर ऱ्हाऊ दे. पोरीचं आतडं कशाला तोडायचं?" सासऱ्यांनी मान हलवली, ड्रायव्हरला चहाला बोलावलं आणि सगळे आमच्या ओट्यावर येऊन बसले. मला वाटलं, जिंकले मी.

चहा पिता पिता ह्यांचा चेहरा उजळला होता. कप खाली ठेवून म्हणाले, "एवढी हुशार पोरगी हितं ठेवायची? हिला तर वसतिगृहातच टाकली पायजे."

ढ असली तरी वसतिगृह आणि हुशार झाली तरी वसतिगृह. मग मी सगळ्यांदेखत तोंड सोडलं. आईबापाशिवाय पोर कशी राहील, आजारी पडली तर कोण बघेल, सगळं बोलले. सासरे माझ्या बाजूने झाले, चुलत सासरेही झाले, इतकंच काय, ड्रायव्हरही झाला. हे एकटे पडले. आता शेवटचा घाव म्हणून मी मुलीलाच पुढे ओढलं आणि म्हटलं, सांग तुझ्या पप्पांना, तुला जायचंय का. तोवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"जायचंय," ती म्हणाली.

मी विचारलं, का गं?

"तिथं पोरी असत्यात खेळायला. हितं समदी मोठी माणसं माझाच अभ्यास करत बसल्यात."

मला ते लागलं, फार लागलं. रिकामे कप गोळा करून मी आत गेले, भांडी घासली आणि बाहेर येऊन ह्यांना सांगितलं की वसतिगृहात फोन करा आणि तिची जागा घेऊन टाका.