कुत्रा कोणी बिघडवला

आमच्या कुत्र्याने माझ्या कचेरीतल्या बडे बाबूंच्या मनगटाला चावा घेतला, ही गोष्ट आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे. ज्यांचा जन्म त्यानंतर वीस वर्षांनी झाला तेही ती सांगतात. कुत्रा शिकवलेला होता, शहाणा होता, थोरल्या वहिनींनी चोरून पोळ्या घालून त्याला बिघडवला आणि मग तो माणसावर धावला, अशी ती गोष्ट. ती मीच सांगितलेली आहे आणि ती खोटी आहे. वहिनी आता नव्वदीला टेकल्या, मी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. दोघांपैकी एक जण जाण्याआधी हे कागदावर यावं म्हणून लिहितो. लिहायला बसलो तर सगळं ओळीने आठवतही नाही. काय झालं ते सांगता येतं. मी तसा का वागलो, ते विचारलं तर अजूनही गोंधळ उडतो.

नवी राज्यं झाली तेव्हाचा काळ. आमची बुऱ्हाणपूरची कचेरी तोवर नागपूरकडे बघायची, ती एका सकाळपासून भोपाळकडे बघू लागली. इकडे कोण राहणार, तिकडे मराठी मुलखात कोण जाणार, याच्या याद्या निघत होत्या. माझे थोरले भाऊ, दादा, दुसऱ्या खात्यात होते. दादांचं नाव तिकडच्या यादीत निघालं आणि ते अकोल्याला गेले. तिथे बिऱ्हाड मिळेना, म्हणून वहिनी आमच्याकडेच राहिल्या. शनवारा वेशीजवळच्या घरात आई, वहिनी आणि मी, असे तिघंच. आमच्या कचेरीचे साहेब मराठी, तेही तिकडच्या यादीत. त्यांना कुत्रा नेणं जमेना. मी त्यांच्या हाताखालचा नवा कारकून, मला बोलावून त्यांनी तो माझ्या हवाली केला.

त्या दिवशी त्यांनी अंगणात मला दाखवलं. दूधभाकरीचं ताट खाली ठेवलं आणि नुसतं "थांब" म्हणाले. कुत्रा बसला. तोंडातून लाळ गळत होती, पण हलला नाही. "घे" म्हटल्यावर उठला.

"याला शिकवणं सोपं आहे," साहेब म्हणाले, "घरच्यांना शिकवणं अवघड. शब्द थोडे ठेवा आणि घरात सगळ्यांचे तेच ठेवा. जे आज नाही ते उद्याही नाही. आणि एक सांभाळा, ताटापाशी हात उगारायचा नाही. कधीच नाही."

"ऐकलं नाही तरी?"

"ऐकलं नाही तर ताट उचलायचं, पुन्हा ठेवायचं. मालक कोण ते त्याला कळायला पाहिजे. ओरडतो तो मालक, असं नसतं. रोज सारखा वागतो तो मालक."

एवढ्या बोलण्यातला मालक हा शब्द तेवढा घेऊन मी घरी आलो.

कुत्र्याचं इंग्रजी नाव आईच्या जिभेला वळेना. ती त्याला "ए बाबा" म्हणू लागली आणि तोही त्याला ओ देऊ लागला. आमच्याकडे पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. तोवर शेवटची पोळी गल्लीतल्या कुत्र्यांना जायची. वहिनींनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "भाऊजी, शेवटची पोळी याला दिली तर चालेल ना?" मी म्हटलं, चालेल, पण आधी थांब म्हणायचं, मग घे म्हणायचं. त्या तसंच करत. पोळी हातात धरून थांब म्हणत, तो बसला की घे म्हणत. साहेबांनी सांगितलेलं घरात कोणी पाळलं असेल तर ते वहिनींनी.

कचेरीत माझं निराळंच चाललं होतं. नवे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, सागरकडचे. कागद आधीही हिंदीत असायचे, पण बोलणं मराठीत भागायचं. आता तेही हिंदीत आलं आणि माझी हिंदी बाजारातली. मी म्हणालो, "साहब, फाइल आया है," तर शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "मराठी भाऊ, फाइल आया नहीं, फाइल आई. घर वाली आई नहीं, ये वाली आई." सगळे हसले, बडे बाबूही हसले. माणूस वाईट नव्हता, पण मला ते लागलं. मला हुकूम देता येत नव्हता, उत्तर देता येत नव्हतं. घरी येऊन मी कोणाशी हिंदी बोलणार? कुत्रा होता.

मी त्याचे शब्द बदलले. थांबचं रुको, घेचं लो, बसचं बैठो. पहिल्या दिवशी तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं, आठवड्यात शिकेल. मीही शिकेन. घरात फर्मान काढलं की कुत्र्याशी मराठी बोलायचं नाही.

वहिनी म्हणाल्या, "का हो भाऊजी, याची पण बदली झाली का?"

आई चुलीपुढे होती. "त्याले बी भोपाळले पाठव आता," ती म्हणाली. "काय करू राहिला रे तू, मुक्या जनावराले घेऊन?"

मी हसलो नाही. वहिनींनी दोन दिवस लाजत लाजत रुको म्हणून पाहिलं. कुत्रा पोळीकडे यायचा. तिसऱ्या दिवशी मी दाराआड उभा होतो. त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्या हळूच थांब म्हणाल्या आणि तो झटकन बसला, शेपूट जमिनीवर आपटत. इतका वेळ कोणीतरी ओळखीचं बोलावं म्हणून वाट बघत असल्यासारखा. मला त्या वेळी राग आला की हेवा वाटला, मी सांगू शकत नाही. साहेबांनी कुत्रा माझ्या हातात दिला होता आणि तो ऐकत होता वहिनींचं, एवढंच डोक्यात होतं.

त्या दिवसापासून मी त्याला घरामागे विहिरीपलीकडे नेऊ लागलो. कचेरीतून आलं की दिवस मावळायच्या आत. ताट ठेवायचं, रुको म्हणायचं. तो पुढे आला की ताटावरून हात नेऊन छडी मारायची. पायावर मारायचो, कधी नाकावर. तो मागे सरकला की लो म्हणायचं. तो येत नसे. मग कंटाळून मीच घे म्हणायचो, तो खायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यासाठीच त्याला मारायचो. कधी रागावून ताट उचलून न्यायचो, कधी वाईट वाटून जिलबीचा तुकडा भरवायचो. आज जे नाही ते उद्या होतं, उद्याचं परवा नव्हतं. मी काय शिकवतोय ते मलाच ठाऊक नव्हतं, त्याला कुठून असणार? दहाबारा दिवसांनी तो ताटापाशी पहिल्यांदा गुरगुरला. मी ते उर्मटपणा समजलो.

हे घरात कोणाला माहीत नव्हतं. मला शरम वाटत होती म्हणजे ते चूक आहे हे मला कळत होतं. तरी मी कचेरीत सांगितलं की माझा कुत्रा हिंदी समजतो.

बडे बाबू एका रविवारी सकाळी बघायलाच आले. ओट्यावर बसले, चहा झाला. वहिनी दूधपोळीचं ताट घेऊन आल्या आणि ते माझ्या हातात देताना हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, आज नको. तो ताटापाशी बरा वागत नाही हल्ली."

"तुम्ही आत जा," मी म्हटलं.

ताट ठेवलं. रुको म्हटलं. कुत्रा बसलाही नाही, पुढेही आला नाही. अंग ताठ करून उभा राहिला, कान मागे. लो म्हटलं. तो माझ्या हाताकडे बघत होता. त्या हातात तेव्हा छडी नव्हती. मी पुन्हा लो म्हटलं, मोठ्याने.

"आपका कुत्ता तो अभी मराठी में ही है," बडे बाबू हसत म्हणाले. त्यांना बहुधा माझी कीव आली. ते वाकले आणि ताट त्याच्याकडे सरकवायला त्यांनी हात पुढे केला. ताटावर हात आला, एवढंच कुत्र्याने बघितलं असेल. त्याने मनगट धरलं.

मी रुको, छोडो, सोड, जे तोंडात येईल ते ओरडलो. वहिनी धावत बाहेर आल्या, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि "थांब" म्हणाल्या. त्याने सोडलं. मग त्यांनीच पाणी आणलं, बाबूंचा हात धुतला, फडकं बांधलं. त्या हात धुवत असताना बाबूंनी मला विचारलं, "ऐसा कैसे हो गया?" आणि मी म्हणालो, "भाभी छुप-छुपके रोटी डालती हैं. उन्होंने बिगाड़ दिया."

वहिनींनी वर पाहिलं. माझ्याकडे एकदाच, मग पुन्हा फडक्याकडे.

"बहनजी, जानवर को इतना लाड़ नहीं करना चाहिए," बडे बाबू म्हणाले.

"जी," वहिनी म्हणाल्या.

बाबूंना पुढे पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. त्यांनी मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. दोष वहिनींचा, असं त्यांनी मानलं होतं. मी त्याच दिवशी दादांना पत्र लिहिलं की वहिनींना समज द्यावी, माझी कचेरीत नाचक्की झाली. तोंडातून एकदा निघून गेलं म्हणावं, तर पत्र मी विचार करून लिहिलं होतं. खोडाखोड करून, चांगल्या अक्षरात. दादांचं उत्तर वहिनींच्या नावाने आलं. त्यात काय होतं ते मी वाचलं नाही. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं आणि पोळ्या लाटायला बसल्या. त्यानंतर शेवटची पोळी त्या लाटेनाशाच झाल्या.

कुत्रा आईच्या ओळखीने बहादरपूरला एका केळीवाल्याकडे गेला. दीडदोन महिन्यांनी मी सायकलने बघायला गेलो. केळीच्या बागेच्या बांधावर तो बसला होता. मला ओळखलं असावं, पण उठला नाही. मालकाकडे बघत राहिला. मालकाने भाकरी टाकली, तो शांतपणे खाऊ लागला.

"काय शिकवलं याला?" मी विचारलं.

"मी काय शिकवतो? सकाळी एक येळ, सांजच्याला एक येळ. हो म्हटलं तं हो, नाही म्हटलं तं नाही." तो घाम पुसता पुसता थांबला. "पण बाबूसाहेब, पहिले दिवशी मी असा कपाळ पुसाले हात वर केला, तं हा जमिनीले चिपकला. घरी कोणी मारत होतं का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्याच सुमारास दादांना अकोल्याला घर मिळालं आणि वहिनी गेल्या. मग लग्नकार्यं आली, बारशी आली. दादाच म्हणायचे, "अरे, ती बाबूंची गोष्ट सांग." मी रंगवून सांगायचो. बडे बाबूंची नक्कल करायचो. "बाबूंना कुत्रा नाही, वहिनींची पोळी चावली," हे वाक्यही माझंच, ते नात्यात चालू झालं. वहिनीही हसायच्या. त्या हसतात म्हणजे त्यांना काही वाटत नाही, असं मी धरून चाललो. किती वर्षं धरून चाललो ते मोजायला नको.

या हिवाळ्यात अकोल्याला गेलो. त्यांच्या नातवाने कुत्रा पाळला आहे. जेवणं होत होती. सूनबाई सहज, प्रेमानेच म्हणाल्या, "आई, तुम्ही नका हं त्याला काही देऊ. तुमचं आम्हाला माहीत आहे." सगळे हसले. वहिनींनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि जेवण होईपर्यंत कुत्रा त्यांच्या पायाशी बसला तरी खाली पाहिलं नाही.

दुपारी त्या एकट्या बसल्या होत्या तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, तो कुत्रा मी बिघडवला होता."

"कोणता?"

"बाबूंना चावला तो. मी त्याला विहिरीमागे मारायचो. ताटापाशी."

 त्या म्हणाल्या, "पण पोळी तर मीच देत होते, भाऊजी."

"मला विचारून देत होतात तुम्ही."

"विचारलं असेल एखाद दिवशी. पुढे तुम्ही नको म्हणालात, तरी देत होते. त्या रविवारी सकाळीही दिली होती, थांब न म्हणता. मला आठवतंय."

हे खरं आहे का, मला माहीत नाही. इतकी वर्षं आळ ऐकून ऐकून तो त्यांना आठवू लागला आहे, की मीच विसरलो आहे? मी म्हणालो, "त्यामुळे नाही चावला तो."

"तुम्हाला काय ठाऊक? मी किती विचार केला असेल त्याचा." मग त्यांनी विचारलं, "मारत होतात म्हणजे कशाने?"

"छडीने."

"कुठे?"

"पायावर. नाकावरही."

त्या उठल्या आणि आत गेल्या. चहाला बाहेर आल्या नाहीत.

रात्री जेवणाच्या वेळी मी पुतण्याला, सूनबाईंना, सगळ्यांना सांगितलं, जसं इथे लिहिलं आहे तसंच. पुतण्या म्हणाला, "काका, आता काय त्याचं? गंमत होती ती." सूनबाई ताटाकडे बघत राहिल्या. वहिनी तिथेच बसल्या होत्या, त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला नाही.

"हे ह्यांना सांगायला हवं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या.

दादांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी हो म्हणालो आणि पिशवी उचलली.