मुरमाच्या जागी वावराची माती

सकाळी अमरावतीत वानखडे सरांच्या घरच्या साइटवर पोचलो तर गेटजवळ मुरमाऐवजी ट्रॉलीभर काळी माती ओतलेली. माझं डोकंच फिरलं.

"सर, हे काय आणलं?"

"आमच्या वावराची माती हाय सलीमभाई," वानखडे सर म्हणाले. सर शाळेत मास्तर. "वावर तं विकलं. बाबाले निदान आपल्या मातीवरून चालता येईन."

इकडे वावरं, म्हणजे शेतं, विकणं काही नवं नव्हतं. सरांचे बाबा ऐंशीचे. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, हातात वॉकर. अंगण खडबडीत, त्यामुळे गेटपर्यंत जायलाही त्यांना कोणाचा तरी हात धरावा लागायचा. एकट्यानं जाता यावं म्हणून तर हे पेव्हर ब्लॉकचं काम काढलेलं.

हे ब्लॉक सिमेंटनं चिकटवत नाहीत. खाली ठोकून दाबलेला मुरूम, त्यावर चुरी, म्हणजे दगडाचा भुसा, आणि वर ब्लॉक. सगळं वजन मुरूम पेलतो. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात फाटते. कपाशीले चांगली, ब्लॉकले वैरी.

"मशीननं दाबा न चांगली."

"कितीही दाबा सर, फुगनारच."

सर वाकून मातीतली ढेकळं हातानं फोडू लागले. अन् मी पघळलो. वीतभर मातीचा थर दिला, वर थोडा मुरूम. वीस वर्षांचा धंदा माझा, तरी असा गधेपणा केला.

पावसाळ्यात सरांचा फोन आला. मधले ब्लॉक वर आले होते. वॉकरचा पाय फटीत अडकला, बाबा पडता पडता वाचले. तेव्हापासून ते पायरी उतरायलाच तयार नव्हते. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक काढायला घेतले. बाबा पायरीवर खुर्ची टाकून बसलेले.

"काय निघून राहिलं रे खालून?"

खाली कोणती माती टाकली ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, विचारलंही नव्हतं. मी मूठभर चिखल त्यांच्या हातावर ठेवला. "तुमच्या वावराची माती हाय, बाबा."

त्यांनी ती बोटांनी चोळली. मग लेकाकडे पाहिलं.

"अबे, जिंदगीभर याच गाऱ्यात पाय फसले माहे. आता गेटापर्यंत तरी सुदं-सरळ जाऊ दे."

सरांनीच फावडं घेतलं. माती सगळी उपसली, पूर्ण मुरूम भरला, ब्लॉक पुन्हा बसवले. तिसऱ्या दिवशी बाबा एकटे गेटपर्यंत गेले.

तेव्हापासून साइटवर गेलो की आधी विचारतो, यावरून चालणार कोण? मग त्याच माणसाशी बोलतो.