एका हाताचा सांधा

आमचे मालक लढाईवरून परत आले, तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापासून गेलेला होता. मी एकवीस वर्षांची होते. पेन्शन सुरू झाली, पण घरात बसून राहणं त्यांना जमेना. रहिमतपूरजवळच्या आमच्या रानात विहीर खाली ओढ्याकाठी होती आणि आल्याच्या पिकाला मानवेल अशी निचऱ्याची जमीन वर, चढाला. तिथपर्यंत पाणी न्यायचं त्यांनी मनावर घेतलं.

प्लास्टिकचे पाइप तेव्हा नवे होते. ते आणायला आम्ही दोघं एसटीनं सांगलीला गेलो. दुकानदार वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी दोन तुकडे घेऊन सांधा करून दाखवला. टोक सरळ कापलं, कानशीनं कड साफ केली, काचकागद मारून फडक्यानं पुसलं. पाइप दुसऱ्याच्या रुंद तोंडात, म्हणजे सॉकेटात, किती आत जाणार, तिथं पेन्सिलीनं खूण केली. मग दोन्हीकडं चिकटवायचं सोल्युशन लावून पाइप आत दाबताना पाव फेरा दिला आणि तसाच धरून ठेवला.

"लगेच सोडलं तर मागं सरकतो," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी घट्ट..."

तेवढ्यात त्यांची नजर मालकांच्या बाहीकडं गेली. ते थांबले, मग माझ्याकडं वळले. "बाई, तुमी नीट बघून ठेवा."

मालक रस्त्याकडं बघत राहिले.

चर खणायला गडी होते, सांधे मी केले. मालक खुणा करायचे, गुडघ्याखाली पाइप दाबून धरायचे. सोल्युशनच्या वासानं डोकं धरायचं, बोटांची सालं निघायची. एका दुपारी मी भाकरी घेऊन रानात आले, तर एक सांधा आधीच झालेला.

"मी एकट्यानं केला," ते म्हणाले. "बघ की."

परत आल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. मी सांध्याकडं बघितलंच नाही, त्यांच्या तोंडाकडं बघितलं. "लय चांगला झालाय," मी म्हणाले आणि वर माती ओढली.

सगळं जोडून झाल्यावर एक दिवस थांबलो आणि विहिरीवरचं इंजिन चालू केलं. घटकाभरात चढाच्या पायथ्याला माती उसळली. पाण्याचा फवारा उडाला आणि नुकत्याच लावलेल्या आल्याच्या दोन सऱ्या वाहून गेल्या.

मामंजी काठी टेकत आले. "बाईमाणसाच्या हातानं कुठं पाइप जुळतो व्हय? उद्या कोरेगावचा मिस्त्री आणा."

गड्यानं माती काढली. पाइप सॉकेटातून अख्खा निघाला होता. सोल्युशन टोकाला दोन बोटंच लागलेलं, पेन्सिलीची खूण त्याच्या कितीतरी मागं. कुणाचा सांधा ते मी ओळखलं. मी मान खाली घातली. मामंजी बोलत होते आणि मी ऐकून घेत होते.

"आबा, तिला बोलू नका," मालक म्हणाले. "तो सांधा माझा हाय. फेरा द्यायला जमलं न्हाई. सोडला तवा मागं सरकला, ते मला कळलं हुतं."

मामंजी वळले आणि घराकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चर सुकल्यावर आम्ही दोघंच रानात गेलो. खराब टोक कापून टाकलं, मध्ये नवा तुकडा घातला. मी दाबून फेरा दिला, त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. सांधा धरेपर्यंत हलायचं नव्हतं.

"तुला ठावं हुतं," ते हळूच म्हणाले.

"व्हय."

"मग काल बोलली का न्हाईस?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता, त्यांचाही आणि माझाही.

या खेपेला दीड दिवस थांबलो. पाणी वर गेलं, थेंबही गळला नाही. वाहून गेलेल्या सऱ्या पुन्हा लावल्या. पुढं शेजारच्या वस्त्यांवरून पाइप जोडायला आम्हाला बोलावणी येऊ लागली. लोक मालकांनाच मिस्त्री म्हणत. ते मात्र कुणालाही होकार देण्याआधी आत येऊन मला विचारायचे, "तुला सवड हाय का?"