पप्पांच्या पायांचा नवस

ॲम्ब्युलन्स हायवेला लागली आणि थोड्या वेळाने देवीच्या देवळाची कमान दिसली. आईने पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले. पप्पा स्ट्रेचरवर बांधलेले होते, डोळे उघडे, छताकडे. आई मनातल्या मनात बोलली असती तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, पण ती मोठ्याने बोलली.

"हे आपल्या पायांनी तुझ्या पायऱ्या चढून येतील आणि आपल्या हाताने नारळ ठेवतील. तोवर मी पायात काही घालणार नाही."

तळासरीच्या नाक्यावर आत्या गाडीत चढली. ही पप्पांची धाकटी बहीण. चढल्या चढल्या तिने आधी आईचे पाय बघितले, मग पप्पांना. नवसाचं तिला सांगावं लागलं नाही. वापीच्या हॉस्पिटलला पोचल्यावर गडबडीत चपला ॲम्ब्युलन्समध्येच राहिल्या, आणि गाडी परत गेली.

पप्पा आमच्या वाडीत चिकूच्या झाडावरून पडले होते. आमच्याकडे चिकू बेडणीने काढतात. बेडणी म्हणजे लांब बांबू, त्याच्या टोकाला जाळी. शेंड्याची फळं जाळीत येईनात म्हणून पप्पा स्वतः वर चढले. लोक अजूनही विचारतात, फांदी मोडली का? फांदी मोडली नाही. चिकूचं लाकूड चिवट असतं. पाय घसरला. पण पाय घसरला म्हटलं की माणसाची चूक होते, म्हणून येणारेजाणारे फांदीवरच अडून बसतात.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आईला हिंदीत सांगितलं आणि मला इंग्रजीत. कमरेखाली हालचाल येणार नाही, जाणीव येणार नाही. मी सगळं शिक्षण इंग्रजीत केलेली मुलगी, मला प्रत्येक शब्द कळला. तरी ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत असंच वाटत राहिलं. मग पप्पांनी शुद्धीवर आल्यावर साध्या मराठीत विचारलं, "माझे पाय कुठेयत?" आणि ते चादरीखाली त्यांच्या समोरच होते.

कैनाडला, आमच्या गावी, परत आलो तेव्हा मी मुंबईची खोली सोडून आले होते. काम घरूनच करता येतं, लॅपटॉपवर. लोकांना सांगताना मी एवढंच सांगते. हॉलमध्ये पलंग, त्यावर हवेची गादी, तिची मोटर दिवसभर घुं घुं करते. लाइट गेली की मोटर बंद पडते, आणि आम्ही दोघी ताबडतोब उठून पप्पांना कुशीवर करतो. इतक्या सवयीने, की मधे कोण बोलत असेल तर ते वाक्य सुद्धा तुटत नाही. लघवीची पिशवी रिकामी करायची, पाठीला पावडर लावायची, टाचा उशीवर ठेवायच्या. पहिल्या महिन्यात पप्पा अशा वेळी डोळे मिटून घ्यायचे. मी पण दुसरीकडे बघायचे. आता दोघंही बघतो. यात काही मोठेपणा नाही, डोळे मिटायलाही उमेद लागते.

आणि माणसं येतात. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जाणं चुकवत नाहीत. येतात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि पप्पांसमोर आईला विचारतात, "जेवतो का? झोप लागते?"

"त्यालाच विचारा," पप्पा म्हणायचे. "तो इथेच असतो हल्ली."

सगळे हसायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "पण तब्येत सुधारली हां, गाल वर आलेत."

"काम नाय, धंदा नाय. गाल नाय तर काय येणार?"

मी आत चहा करायला जायचे. चहा हा माझा लपायचा उपाय. तरी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचंच. एकुलती एक मुलगी, आता हिचं कसं व्हायचं. मला बघायला एक कुटुंब यायचं ठरलं होतं, ते आलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. माझ्याबद्दल एवढं पुरे.

खुर्ची आत्याने आणली. तिच्या शेजारच्या घरातले म्हातारे गृहस्थ गेले होते, त्यांची चाकाची खुर्ची चांगल्या अवस्थेत होती. आत्याने ती धुऊन, पुसून, टेम्पोत टाकून तळासरीहून आणली. आई अंगणातच वाट अडवून उभी राहिली.

"घरात नको."

"अगं वहिनी, दादाला बसता येईल. बाहेर येता येईल."

"ते चालत येणारेत बाहेर. खुर्चीत बसवलं म्हणजे मीच देवीला सांगितल्यासारखं होईल की आता नको."

"देवी एवढी हिशेबी असते काय?"

"बोलले मी आहे ना? तू नाहीस."

खुर्ची शेडमध्ये गेली, चिकूच्या खोक्यांच्या मागे, गोणपाट टाकून. आईशी वाद घालणं मला जमत नाही. आणि तिला वेडी म्हणता येत नव्हतं. घरात सगळ्यात जास्त काम तीच करत होती. फिजिओवाल्या मुलाने दाखवलेले व्यायाम ती सकाळ-संध्याकाळ करायची, पप्पांचा एकेक पाय उचलून, वाकवून, सरळ करून. करताना बोटांकडे बघत राहायची. कधी पाय आपोआप झटका द्यायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की याचा अर्थ काही नाही, नसा असं करतात. आई म्हणायची, "बघ." पप्पा छताकडे बघायचे.

आणि ती अनवाणी फिरत होती. वाडीत, रस्त्यावर, डहाणूच्या बाजारात, मे महिन्यातल्या डांबरावर. बाजारात ओळखीच्या बायका तिच्या पायांना हात लावून नमस्कार करायला लागल्या, तेव्हा ती बाजारात जायची बंद झाली. मग बाजार माझ्याकडे आला.

पावसाळ्यानंतर पप्पांच्या माकडहाडाशी जखम झाली. आधी रुपयाएवढी लाल, मग खोल. ड्रेसिंगला डहाणूहून सिस्टर यायच्या, स्कूटरवर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला न घेता सगळ्यांसमोर सांगितलं, "काकांना बसवत का नाही? एकाच जागी आडवे राहिले तर ही हाडापर्यंत जाईल. मग परत ॲडमिट, परत ऑपरेशन. जीवावर बेतू शकतं हे. खुर्ची आहे का घरात?"

आई चादरीची कड सरळ करत राहिली.

"आहे की नाही?"

"शेडमध्ये आहे," मी म्हणाले. त्या दिवसांत मी एवढंच एक वाक्य आईच्या विरुद्ध बोलले.

आईने त्या दिवशी पप्पांना पलंगावरच उशा लावून बसवलं. दुसऱ्या दिवशीही. पण पप्पा घसरायचे, उशा घसरायच्या, आणि घसरण्याने जखम अजून चिरायची. सिस्टर दर वेळी जखमेतला कापूस बाहेर काढून खोली मापायच्या आणि आईकडे बघायच्या. आई अजून जास्त व्यायाम करायला लागली.

एका सकाळी सिस्टर ड्रेसिंग आटपून हात धूत होत्या आणि त्यांनी खाली बघितलं. फरशीवर ओलसर ठसे होते, आईच्या पावलांचे, आणि एका पावलाचा ठसा तांबूस.

"काकू, पाय दाखवा."

"काही नाही, खोक्याचा खिळा लागलेला."

"कधी?"

"झाले चार-पाच दिवस."

सिस्टरनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पाय वर घेतला. तळव्याला भोक पडलेलं, भोवती काळसर, सुजलेलं. आईला शुगर आहे. तिला दुखत नव्हतं, किंवा ती तसं म्हणत होती. सिस्टर चिडल्या. दमलेलं माणूस चिडतं तशा, आवाज न चढवता. "शुगर असताना अनवाणी फिरता? यांचे दोन गेले, तुमचा एक पण घालवायचाय का? मग या पोरीने दोन पलंग सांभाळायचे?"

आई बघत होती तळव्याकडे, दुसऱ्याचा असल्यासारखी.

पलंगावरून पप्पा म्हणाले, "मला पण दाखवा."

सिस्टरनी आईला उभं केलं, आईने पलंगाच्या कडेला पाय टेकवला. पप्पांनी दोन्ही हातांनी तो धरला. बराच वेळ बघितला. मग त्यांनी विचारलं, आणि ते ओरडले असते तर बरं झालं असतं असा तो आवाज होता. "नवस तू बोललीस. पाय माझे कबूल केलेस. मला विचारलंस?"

"तुम्ही शुद्धीत नव्हता."

"होतो. मी सगळं ऐकत होतो. मला वाटलं घाबरलीय, बोलू दे." त्यांनी पाय सोडला नाही. "आता मी तिथे जाणार. खुर्चीत. नारळ मी माझ्या हाताने ठेवणार आणि सांगणार, एवढंच जमलं."

"तसं चालत नाही."

"मी पण चालत नाही."

सिस्टर फिसकन हसल्या आणि लगेच सॉरी म्हणाल्या. आई हसली नाही. ती पाय ओढून घेऊन आत गेली, आणि आम्ही तिघं तिचं भांडी घासणं ऐकत बसलो.

दोन दिवस ती पप्पांशी बोलली नाही. सगळं केलं, फक्त बोलली नाही. कुशीवर करताना तिच्याऐवजी मीच "एक, दोन, तीन" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी आत्या आली. तिने सुचवलं की नवस दुसऱ्यानेही फेडता येतो, ती चढेल दादाच्या नावाने. पप्पा नको म्हणाले. आईही नको म्हणाली. बऱ्याच दिवसांनी त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. मग आई माझ्याकडे वळून म्हणाली, "शेडमधून ती काढ. जळमटं लागली असतील, पुसून घे." एवढंच.

आम्ही शेजाऱ्यांच्या ईको व्हॅनमधून गेलो. पप्पा पुढे, खुर्ची मागे, आई पायाला बँडेज आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून. मंगळवार होता, गर्दी होती. पायऱ्यांपाशी चार माणसं न बोलावता पुढे आली आणि खुर्ची उचलायला लागली. पप्पांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. अनोळखी माणसांनी उचललेला माणूस कुठे बघतो ते मला त्या दिवशी कळलं. तो स्वतःच्या मांडीकडे बघतो. मांडीवर नारळ होता.

वर गेल्यावर रखवालदाराने आम्हाला रांगेच्या बाहेरून पुढे काढलं. मागून एक माणूस म्हणाला, "बरंय, यांना लाइन नाय."

पप्पांनी मान वळवली. "तुम्ही पण पडा ना झाडावरून. आपण बरोबर येऊ."

तो माणूस ओशाळला. आजूबाजूचे हसले. माझे कान तापले. मला वाटलं खांबामागे जाऊन उभं राहावं, पण खुर्चीची मूठ माझ्या हातात होती.

देवीसमोर पप्पांनी नारळ पुढे केला. हात पोचेना. पुजाऱ्याने वाकून घेतला आणि ठेवला. पप्पांनी डोळे मिटले नाहीत. ओठ हलले की नाही मला दिसलं नाही, मी मागे होते. आई मात्र पुढे झाली आणि पुजाऱ्याला म्हणाली, "महाराज, नवस चालत यायचा होता. पायांनी. तसा बोलले होते."

तिचा आवाज फार बारीक झाला होता. मला वाटलं हा आता काहीतरी सांगेल. प्रायश्चित्त, किंवा चालेल, किंवा नाही चालणार. आई उत्तरासाठी तयार होती. सव्वा वर्ष ती या उत्तरासाठी अनवाणी होती.

पुजारी सकाळपासून उभा असावा. त्याने खुर्चीकडे बघितलं, आईच्या प्लास्टिक बांधलेल्या पायाकडे बघितलं, आमच्यामागच्या रांगेकडे बघितलं.

"आलात ना?" तो म्हणाला. "मग झालं. चला, पुढे चला."

आणि पुढचा नारळ घेतला.

परत येताना गाडीत आईने एकदा फक्त विचारलं, "मनापासून म्हणाला असेल का तो?" पप्पा म्हणाले, "दमला होता." त्यावर तिने मान हलवली, जणू हे समजण्यासारखं होतं.

खुर्ची आता हॉलमध्ये असते. सकाळी पप्पा ओट्यावर बसतात, थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन स्वतःला उचलून धरतात, तसं सिस्टरनी शिकवलंय. जखम भरतेय, हळू. रस्त्याने जाणारे फाटकातूनच विचारून पुढे जातात, आत यायची त्यांना गरज वाटत नाही. पप्पा वाडीत मात्र अजून गेलेले नाहीत. खुर्ची तिथे रुतेल असं म्हणतात. खरंही आहे.

आईचा पाय बरा झाला. मी तिला डहाणूहून मऊ तळव्याच्या चपला आणल्या, तिने त्या घातल्या. पायांचे व्यायाम ती अजून करते, पण आता बोटांकडे बघत नाही. करता करता टीव्ही बघते. दुपारी झोपते, गाढ, तोंड उघडं टाकून.

परवा अशीच ती झोपली होती आणि मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन पप्पांशेजारी बसले होते. आतून तिचं घोरणं ऐकू येत होतं.

"सोडलं तिने," पप्पा म्हणाले.

"तुम्हीच सांगितलंत."

"हो. मीच सांगितलं." ते गुडघ्यावरची माशी बघत होते. त्यांना ती जाणवत नव्हती, नुसती दिसत होती. "पण सगळ्या गावात ती एकटी होती. मी चालेन असं मानणारी."

मी हात पुढे करून माशी उडवली. मग पप्पांनी हातांवर जोर देऊन स्वतःला उचललं, धरलं, खाली ठेवलं.