तिसरी लिफ्ट बंद पडेपर्यंत

लिफ्टच्या दारावर बोटांच्या पेरांनी टकटक करायची आणि विचारायचं, "काय रे पाळण्या, बरा हाईस ना?" अक्का हे रोज करायच्या, हातात भाजीची पिशवी असली तरी. तुमच्याही इमारतीत यंत्राशी बोलणारं एखादं माणूस असेल. त्याला हसण्याआधी जरा बघून ठेवा.

कालव्याकाठची आमची वस्ती उठली आणि आम्ही पुनर्वसनाच्या सात मजली इमारतींत आलो. प्रत्येक इमारतीची सोसायटी वेगळी. अक्का त्यांच्या सोसायटीच्या अध्यक्ष, सचिव आणि वेळ आली तर झाडूवालीही. घर सातव्या मजल्यावर. त्यांचे यजमान, आमचे काका, मार्केट यार्डात हमाल होते, पण त्यांचे पाय गेले. रोज खाली फाटकाशी बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या सोबत्यांकडून कांद्याचा भाव ऐकायचा, एवढंच त्यांचं जगणं उरलं होतं. त्यासाठी लिफ्ट लागायची.

ती अडली की अक्का कसबा पेठेतल्या मिस्त्रीला फोन लावायच्या. "दादा, पिठलं-भाकरी केलीय. पाने-पकड घेऊन या." तो अंधार पडायच्या आत यायचा.

मग सगळ्या सोसायट्या मिळून एक मोठा संघ करायची टूम निघाली. एक कार्यालय, एक कंत्राट, खर्च कमी. सभेत माणसं कुरकुरली, तेव्हा अक्काच उभ्या राहिल्या. "सुटं गवत कुणीबी उपटतं. त्याचाच दोर वळला तर हत्ती बांधतात. हात वर करा." हात वर झाले.

त्या संघाच्या कार्यालयात मी कामाला लागलो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, बी.कॉम., पहिला वर्ग. हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. अक्कांनी पेढा मागून घेतला आणि तेव्हापासून मला 'पदवीधर' म्हणू लागल्या.

थंडी सरता सरता त्यांची लिफ्ट बंद पडली. अक्का कार्यालयात आल्या.

"काय पदवीधर, पाळणा रुसलाय."

नवा नियम मलाच सांगावा लागला. कंत्राटदाराचा माणूस एकट्या इमारतीसाठी येत नाही. तीन लिफ्ट बंद पडल्या की एका खेपेत तिन्ही दुरुस्त करतो. बचत त्यातच होती.

"म्हणजे अजून दोन बंद पडायला हव्यात, अक्का."

"असं होय. कुठल्या पाडू, सांगा."

शेजारच्या टेबलावरचे संघाचे व्यवस्थापक साहेब हसले. अक्का हसल्या नाहीत.

त्यांनी कसबा पेठेतला मिस्त्री आणला. पण लिफ्टच्या मशीनखोलीला आता संघाचं कुलूप होतं. बाहेरच्यानं हात लावला तर कंत्राट मोडतं, म्हणून साहेब किल्ली देईनात. मी भांडलो. साहेब म्हणाले, "एकाला सूट दिली की सगळे मागतात. संघ चालवतोय आपण." मिस्त्री पिठलं-भाकरी खाऊन परत गेला.

सुरुवातीला पोरं काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणायची. काका जिन्यात म्हणायचे, "जन्मभर पोती वाहिली. आता मीच पोतं." पोरं हसायची. पुढे पोरांच्या कामाच्या पाळ्या आडव्या आल्या, आणि काकाच म्हणाले, राहू द्या.

पलीकडच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली, तेव्हा अक्कांचा चेहरा क्षणभर उजळला. लगेच त्या म्हणाल्या, "त्या मजल्यांवर बी म्हातारी माणसं हायेत की." मग दुपारच्या वेळी त्या दुसऱ्या इमारतींच्या जिन्याशी उभ्या राहून लिफ्टचा आवाज ऐकताना दिसायच्या.

काका पावसाळ्याच्या तोंडावर गेले. खुर्चीतूनच खाली आणले, त्याच जिन्यानं. दिवसकार्य आटपत होतं तेव्हा तिसरी लिफ्ट बंद पडली. माणूस आला आणि एका खेपेत तिन्ही दुरुस्त करून गेला.

अक्का नंतरही जिन्यानंच चढायच्या. लिफ्टच्या दाराशी थांबायच्या नाहीत. मी एकदा म्हणालो, "अक्का, चालू झालीय." त्या म्हणाल्या, "व्हय, ऐकलं मी." दिवाळीआधी घराला कुलूप लावून त्या लेकीकडे फुरसुंगीला गेल्या. मागे वळून पाहिलं नाही.

वार्षिक सभेत साहेबांनी सांगितलं, खर्च घटला, तक्रारीही घटल्या. टाळ्या पडल्या. घरी येताना मी अक्कांच्या इमारतीत शिरलो. कुणीतरी खेळत सातव्याचं बटण दाबून गेलं होतं. लिफ्ट रिकामीच वर गेली, दार उघडल्याचा आवाज आला, थोड्या वेळानं मिटल्याचा. मग ती तशीच रिकामी खाली आली.