गव्हाशिवायची आखाजी

पुरुषोत्तमनगरच्या पलीकडे, तापीकाठच्या त्या गावात सरलाबाईंचे मांडे नावाजलेले होते. लग्न असो की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, बोलावणं पहिलं त्यांना यायचं. पुरण भरलेला कणकेचा उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत त्या कोपरापर्यंत पसरवायच्या आणि चुलीवरच्या पालथ्या मातीच्या खापरावर असा अलगद टाकायच्या की एक सुरकुती पडायची नाही. लेक कामिनी लहानपणी शेजारी बसून डोळे मोठे करून बघायची. तिला पहिला मांडा मिळायचा, आमरसात बुडवलेला.

तीच कामिनी सुरतेला सासरी गेली आणि वाळत गेली. रक्त कमी, पोट सारखं बिघडलेलं. भावकीतल्या बायका म्हणायच्या, सासरी पोटभर घालत नसतील. सरलाबाईंनाही आतून तसंच वाटे. म्हणून गेल्या आखाजीला लेक माहेरी आली तेव्हा त्यांनी तिला आग्रह करकरून मांडे वाढले. कामिनीनेही आईचं मन मोडलं नाही. परत गेली आणि अंथरुणालाच खिळली. मग तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हिला गहूच सोसत नाही. गव्हातला जो चिवटपणा असतो, तो हिच्या आतड्यांना सोलून काढतो. आता जन्मभर गहू बंद. रवा नाही, मैदा नाही, गव्हाच्या पिठाचा हातसुद्धा नाही.

फोनवर हे ऐकलं आणि सरलाबाई चुलीपाशी बसून राहिल्या. ज्या चिवटपणासाठी त्या पीठ तासन् तास तिंबत, ज्याच्यामुळे मांडा हातभर ताणला तरी फाटत नसे, नेमका तोच लेकीला बाधत होता. आणि आपणच तो तिला मायेने भरवला.

यंदा आखाजी जवळ आली तशी त्यांनी तांदळाच्या पिठाचा मांडा करून पाहिला. तो हातावरच फाटला, पुरण चुलीत पडलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. नवरा लोटनभाऊ ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "कामिनीनी माय, ऱ्हाऊ दे. खीर कर."

"खीर त्या सुरतले रोजच खातस. सणले खापरवरनंच पाहिजे," सरलाबाई म्हणाल्या.

त्या रात्री त्यांना फुई आठवली. फुई म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण, माहेरी त्यांच्याच घरात राहणारी. तेव्हा घरात बारमाही दादर ज्वारी, गहू फक्त सणापुरता. आखाजीला आधी गडीमाणसं जेवत, मग पाहुणे. पोरी झोक्यावरून उतरून, घामाघूम होऊन चुलीपाशी येत तोवर मांडे संपलेले असत. मग फुई दादरच्या पिठात गूळ आणि आंब्याचा रस कालवायची, केळीच्या पानाला तूप लावून त्यावर थापायची, वरून दुसरं पान ठेवायची आणि तापलेल्या खापरावर भाजायची. पान करपून काळं झालं की सोलायचं. आत पिवळाधमक पानगा, त्यावर पानाच्या शिरा उमटलेल्या. पोरी तो फुंकून फुंकून खायच्या, आणि खरं सांगायचं तर मांड्यांची आठवणही काढायच्या नाहीत.

सरलाबाईंनी तयारीला सुरुवात केली. गिरणीतलं पीठ चालणार नव्हतं, तिथे दिवसभर गहू दळला जातो. कोपऱ्यात पडून असलेलं डाळीचं जातं त्यांनी धुऊन घेतलं, लोटनभाऊंनी त्याला टाकी लावून नव्या खाचा पाडून आणल्या. कुंभाराकडून नवं खापर आलं, केळीची पानं शेतातलीच. पहिला पानगा दगडासारखा झाला. दुसऱ्याचे पान काढताना तुकडे झाले. मग त्यांनी पिठाची आधी उकड काढली, तेव्हा जमलं. फसलेले पानगे लोटनभाऊ चहाबरोबर मुकाट्याने खात होते.

आखाजीच्या आदल्या दिवशी कामिनी आली. आल्या आल्या तिने स्वयंपाकघरात पाहिलं. पुरणाचं पातेलं नाही, गव्हाच्या पिठाची परात नाही.

"मांडा नही का?"

"यंदा घरमा गहूच आणा नही, पोरी."

कामिनी हिरमुसली. "माय, खाणं नही म्हणीसन देखणं बी नही का? मी त्याकरताच माहेरले उनी."

 शेवटी शेजारच्या शांतीबाईंनी मार्ग काढला. त्यांच्या अंगणात चूल मांडली, जुनं खापर नेलं. सणाच्या सकाळी सरलाबाई तिकडे मांडे करायला बसल्या, आणि कामिनी चार हात लांब, निंबाखाली खाट टाकून बसली. पहिला उंडा हातावर पसरताना सरलाबाईंना लेकीकडे बघायचा धीर होईना. पाहिलं, तर ती लहानपणी बघायची तशीच बघत होती.

सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर सरलाबाई घरी आल्या. आंघोळ केली, लुगडं बदललं, नखंसुद्धा घासून धुतली आणि नव्या खापरावर पानगे भाजले. लेकीला वाढले आणि स्वतःचंही ताट तिच्या शेजारी मांडलं.

"तू मांडा खाय ना," कामिनी म्हणाली.

"माले आज हाईच खाणं शे."

कामिनीने पानगा मोडून आमरसात बुडवला. एक घास खाल्ला. मग म्हणाली, "गोड शे, पण धूरना वास येस. चांगला येस." आणि तिने दुसरा मागून घेतला. गेल्या कित्येक वर्षांत तिला कुणी दुसरं वाढून घेताना पाहिलं नव्हतं.

निघताना सरलाबाईंनी जात्यावरचं पीठ बांधून दिलं. पुढच्याच आठवड्यात सुरतेहून फोन आला.

"माय, मन्हा पानगा तुटी गया."

"तुटू दे. चवले काय व्हस? पोट दुखनं का?"

"नही."

"मंग झालं," सरलाबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपत उकडीला पाणी किती घालायचं ते सांगू लागल्या.