श्रावणमामाची कॉइल

सावनेरच्या शाळेत मी दहावीच्या मुलांना विद्युतप्रवर्तन शिकवत होते. हा धडा माझा सगळ्यात लाडका. तांब्याच्या तारेची कॉइल टेबलावर ठेवायची, तिला गॅल्व्हानोमीटर जोडायचा, आणि सेल नाही, बॅटरी नाही, नुसता चुंबक आत सरकवायचा... की काटा टुणकन हलतो! दरवर्षी मुलं ओरडतात, आणि खरं सांगायचं तर मीही मनातून ओरडते. त्या दिवशी काटा हलला, वर्गात गलका झाला, आणि तेवढ्यात शिपाई दारात आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत माझ्यासाठी नागपूरहून फोन होता. फोनवर मामीचे शेजारी होते. "नंदाताई, श्रावणभाऊ गेले. दुकानातच. स्टुलावर बसल्या बसल्या." मी खोलीच्या बाहेर आले तेव्हा चुंबक माझ्या हातातच होता. वर्गात टेबलावर पडलेली ती कॉइल मामानंच गुंडाळून दिलेली होती.

याला आता सहा आठवडे झाले. श्रावणमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. नागपूरच्या इंदोऱ्यात त्याचं मोटर वाइंडिंगचं एका शटरचं दुकान होतं. लोकांनी जळालेल्या मोटरी आणून टाकायच्या, तो त्यांची काळी पडलेली तार काढायचा आणि नवी भरून द्यायचा. उन्हाळ्यात कुलरच्या मोटरी, पाऊस लांबला की विहिरीवरच्या पंपांच्या. शिक्षण मॅट्रिक आणि आयटीआय. पण विजेबद्दल बोलायला लागला की हा माणूस बसूच शकत नसे. एक वाक्य स्टुलावर, दुसरं उभं राहून, तिसरं रस्त्यावर जाऊन. मामी म्हणायची, "या माणसाले मोटरीच्या वार्निशचा वास चढते." त्याची एक सवय मात्र दगडासारखी पक्की होती. जळालेली मोटर समोर आली की तो आधी वही काढायचा. किती टर्न म्हणजे वेढे, कोणत्या गेजची म्हणजे किती जाडीची तार, कुठून कुठे जोड... सगळं टिपून घ्यायचा, मगच तार कापायची. यालाच वाइंडर लोक डाटा घेणं म्हणतात. एकदा तार उपटली की आधी काय होतं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. नव्यानं भरलेली मोटर एक पूर्ण उन्हाळा टिकली, वापस आली नाही, की त्या पानावर तो लाल पेन्सिलीनं 'ओके' लिहायचा. आधी कधीच नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना आई गेली. बीएस्सीचं दुसरं वर्ष होतं. त्यानंतर मी हळूहळू थांबत गेले. रडत बसले असते तर लोकांना कळलं असतं. मी रडतही नव्हते. दूध उतू जाताना समोर उभी राहून पाहायची. वेणी घालायला कंगवा केसांत घालायची आणि तो तसाच राहायचा. कोणी म्हणालं हिचं लग्न करून टाका, कोणी म्हणालं नाटकं आहेत. मामानं मात्र मला सरळ दवाखान्यात नेलं. तिथे मला विजेचे झटके दिले. मी त्यानं बरी झाले हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण लोक त्याबद्दल काहीबाही बोलतात. मी जेवू लागले, परीक्षेला बसले. पण काही महिने माझ्यातून निघून गेले. आईचा शेवटचा उन्हाळा मला आठवत नाही. होळीला पुरणपोळ्या लाटणारी आई आठवते, आणि त्यानंतर एकदम हार घातलेला फोटो. मधलं काही नाही.

हे मामाच्या लक्षात आलं त्या दिवशी तो दुकानात जळक्या मोटरीसमोर बसून होता. मला म्हणाला, "डाटा न घेता मोटर उघडू देल्ली म्या. एवढी मोठी चूक कोणता वाइंडर करते, सांग बरं?" तो हे हसण्यावारी म्हणत नव्हता.

सहा वर्षांनी ते दुखणं परत आलं. तोवर मला सावनेरला नोकरी लागली होती. मला फार आधी कळलं. ज्याला एकदा झालंय त्याला पहिल्या आठवड्यातच कळतं. रजा टाकून मी मामाच्या घरी खाटेवर पडून राहिले. डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड फिरवायची. मामीला मी सांगून टाकलं होतं की मरेन, पण पुन्हा विसरणार नाही. आणि त्या दिवसांत मरणं हा माझ्यासाठी नुसता शब्द नव्हता. मामाला ते ठाऊक होतं. दुपारच्या जेवणाला दहा मिनिटांसाठी येणारा माणूस माझ्या खाटेजवळ तासतासभर बसू लागला, एकही शब्द न बोलता... श्रावणमामा आणि गप्प!

मग एके दिवशी तो धावत आला. शब्दशः धावत, दुकान उघडं टाकून. कॉलेजातले एक प्रोफेसर टेबलफॅन दुरुस्तीला घेऊन आले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की विलायतेत डोक्यावर नुसती कॉइल धरतात, क्षणभर जबरदस्त करंट सोडतात आणि हाताचं बोट आपोआप हलतं. डोक्याला तार नाही, दुखत नाही, माणूस जागा असतो.

"अवं नंदा, उठ तं! ट्रान्सफॉर्मर हाय हा! प्रायमरी बाहेर, सेकंडरी डोक्शात! आपलं डोक्सं म्हणजे सेकंडरी!"

"मंग? बोट हलल्यानं माह्यं काय होते, मामा?"

"बोट हलते म्हणजे आत पोचते! आज एका जागी पोचते, उद्या दुसऱ्या जागी पोचन. जिथं तुह्यं दुखते तिथं! ना बेशुद्धी, ना विसरणं!"

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण मी फिजिक्स शिकवणारी बाई होते. भिंतीकडे पाहता पाहता मला कळलं की तो बरोबर बोलतो आहे. बदलतं चुंबकक्षेत्र हाडामांसाला विचारत नाही, सरळ आत जातं. दहावीला मी जे शिकवते तेच हे. मला आत कुठेतरी खाज सुटल्यासारखं झालं, आणि कित्येक आठवड्यांत मला काहीच झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामानं मला हाताला धरून दुकानात नेलं. "मले टर्न मोजाले माणूस पाह्यजे," म्हणाला. आयुष्यभर स्वतः मोजत आलेला माणूस! डोकं मावेल एवढं लाकडी कडं त्यानं करून घेतलं होतं. तो तार गुंडाळत होता, मी मोजत होते. दोनशेसतरावर माझं लक्ष उडालं. मी म्हटलं, असू दे, अंदाजे धर. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सगळी तार उलगडली. पुन्हा एकपासून. मला असा राग आला की मी स्टूल ढकलून उभी राहिले, चार शब्द बोलले. मामा खुशीत हसला. "चिडली! पाह्य, चिडली!" मग मी बसले आणि तीनशे टर्न दातओठ खात पूर्ण मोजले.

प्रयोग त्यानं स्वतःवर केला. दुकानातून कुठलीही वस्तू आधी स्वतः तपासल्याशिवाय बाहेर जात नसे. कॉइल डोक्यात घालून तो स्टुलावर बसला आणि बटण त्यानंच दाबलं. दुकानातला दिवा मंदावला, कॉइल घूं करून गुरगुरली, मामी शटरशी उभी राहून कपाळ बडवत होती. बोट काही हललं नाही. पण मामा ओरडला, "उजेड! डोळ्याच्या कडेले उजेड हलून राहिला, पाण्यावरच्या उन्हावाणी!" तेवढ्यात फ्यूज उडाला. तो अंधारात उभा राहून माझे दोन्ही खांदे हलवत होता. "पोचलं वं! आत पोचलं!" हा शुद्ध वेडेपणा होता. कोणी करू नये, आणि माझ्या वर्गातल्या पोरानं केला तर मी त्याचे कान उपटीन. पण त्या अंधारात माझं काळीज जे धडधडत होतं ते आनंदानं, हेही खरं आहे.

मला झटके दिले होते त्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरांना मामानं इतकं सतावलं की एका रविवारी ते स्कूटरवर दुकानात आले. आधी ते हसले. मग वाकून कॉइल पाहू लागले, प्रश्न विचारू लागले, आणि मामानं एकदा चालू करून दाखवल्यावर तेही मामासारखेच उभे राहून बोलायला लागले. हाताच्या घड्याळाचं भान दोघांनाही राहिलं नाही. घड्याळाची बारीक स्प्रिंग चुंबकानं भारली, आणि संध्याकाळपर्यंत डॉक्टरांचं घड्याळ अर्धा तास पुढे पळालं. दुसऱ्या दिवशी ते ओपीडीतून तासभर आधीच उठले म्हणतात. मामानं ते घड्याळ त्याच कॉइलमधून हळूहळू बाहेर काढून त्याचं चुंबकत्व उतरवून दिलं. पुढे आजूबाजूचे घड्याळजी त्यासाठी दुकानात येऊ लागले.

पण मुद्द्याचं डॉक्टर सरळ बोलले. "श्रावणराव, तुम्ही म्हणता ते तत्त्व खरं आहे. पण अजून कोणी यानं मनाचा आजार बरा केलेला नाही. किती करंट, कुठे, किती वेळ, काहीच माहीत नाही. नंदाच्या डोक्याला ही लावायची नाही. तिला आज जो उपचार लागू पडतो तो द्यावा लागेल, आणि लवकर. झटके आता भूल देऊन देतात, पूर्वीसारखं नाही. थोडं विसरायला होईल, हे मात्र मी लपवणार नाही."

मला वाटलं, मामा भांडेल. तो कॉइलकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आठ दिवस द्या, साहेब. मले डाटा घेऊ द्या."

ते आठ दिवस तो रोज दुपारी शटर खाली ओढून माझ्या खाटेशी वही घेऊन बसला. "बोल." काय बोलू? "काही बी. शाळेत पहिल्या दिवशी साडी कोणती होती? एसटीत कोणासंगं बसते? कोणतं पोरगं लय तरास देते?" मी बोलत गेले, तो त्याच्या जाड अक्षरात टिपत गेला. मी थकले की थांबायचा, मोटरीशी वागावं तसा सबुरीनं. आईपर्यंत आलो तेव्हा मी म्हटलं, "ते तं नाईच माह्याजवळ." मामा म्हणाला, "माह्याजवळ हाय. मागच्या वेळी राह्यलं होतं ते आता लिहू." त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. आईला तो अक्का म्हणायचा. अक्कानं पन्हं मागितलं. नंदानं केलं. मीठ जास्त झालं. अक्का म्हणे, चांगलं झालं, अजून दे... मी त्या दिवशी रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा, पोटभर. नवव्या दिवशी मी स्वतः उठून वेणी घातली आणि मामासोबत दवाखान्यात गेले.

बरी झाले. थोडं विसरलेही, पण या वेळी विसरलेलं कुठे ठेवलं आहे हे मला माहीत होतं. महिनाभर मी रोज मामाची वही वाचत असे. एसटीत कोणाशेजारी बसते, हे मी वाचून गेले आणि बसले.

कॉइलचं वेड मामानं सोडलं नाही. डॉक्टर भेटले की पहिला प्रश्न तोच. शेवटचा भेटला तेव्हाही तेच. गेल्या पावसाळ्यात न सांगता सावनेरला आला, खाणीकडची कोणाची तरी मोटर पोचवायला. मी शिकवत असताना वर्गाच्या खिडकीशी उभा! पोरं माना वळवून पाहायला लागली, मला लाज वाटली. सुट्टी झाल्यावर मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, "काहून आले, मामा?" तर गडी सुरूच झाला. "अवं, ते मशीन आता इकत भेटते म्हणते तिकडं! डाक्टर सांगून राहिले. पाहजो तू. तुह्यावाणी एखादी पोरगी खुर्चीत बसन, डोक्शाले कॉइल लावतीन, टक् टक् टक् होईन, आन् तेच पोरगी बसनं घरी जाईन. काही इसरनार नाई!" तो बसस्टँडवर उभा राहून हातानं टक् टक् करून दाखवत होता. लोक पाहत होते. मी म्हटलं, "मामा, बस लागली." तो हात हलवत चढला. मी त्याला चहासुद्धा पाजला नाही... हे मला फार लागतं.

तेरवीचे दिवस आमच्यात पाळत नाहीत. पण घर आवरायला मी गेले तेव्हा मामीनं फडक्यात बांधलेली वही माझ्या हातात दिली. "तुह्यी हाय," एवढंच म्हणाली. दुकानात जाऊन मी मामाच्या स्टुलावर बसले. कॉइल खिळ्याला टांगलेली होती. वहीत कॉइलचं पान सापडलं. टर्न तीनशे. मोजणारी नंदा. खाली लिहिलं होतं: टेस्ट स्वतःवर. डोळ्याच्या कडेला उजेड. बोट हललं नाही. डॉक्टर म्हणते थांबा. आणि त्याखाली एकच शब्द, थांबलो. लाल पेन्सिलीची जागा कोरी होती. कधी ना कधी, कुठेतरी, ती कोणीतरी भरणार आहे. मला याची खात्री आहे.

मग मी पुढे गेले, माझ्या पानांकडे. ती मला पाठ होती. पण शेवटच्या पानावर, मिठाच्या पन्ह्याच्या खाली, मी कधी न पाहिलेल्या ओळी होत्या. लाल पेन्सिलीत.

'तीन उन्हाळे झाले. सावनेरले जाऊन खिडकीतून पाहून आलो. पोरगी हसून शिकवून राहिली. ओके.'